रिकामी दोरी सोडायची नाय

सर बोलले, आता हिला कंपाउंड पायजे, आन त्या दिवसापास्नं माझी झोप उडाली.

पोर माझी सहावीत हाय. बान चांगला मारते. मी आय हाय म्हनून सांगत नाय, सर सांगतात. सर म्हनजे ओवे गावाच्या पल्याड मैदानावर पोरांना तिरंदाजी शिकवतात ते. मी खारघरला टॉवरात लादी-भांडी करते. शाळा नसंल त्या दिवशी पोरीला संगं घेऊन निघते, तिला मैदानावर सोडते, कामं उरकते आन येताना तिला घेऊन घरी. आतापरयंत ती बांबूच्या कामठ्यानंच, म्हनजे साध्या धनुष्यानंच, मारायची. आमच्या घरी भिंतीला असतो तसाच कामठा, फक्त जरा गुळगुळीत केलेला. सर म्हनाले, ताई, हिचा हात तयार झालाय, बांबूवर अडकवून ठेवली तर वाया जाईल, आपण कंपाउंड निवडूया. पैशाचं त्यांचं मंडळ बघनार व्हतं. मला फक्त हो म्हनायचं व्हतं, आन तेवढंच माझ्या तोंडातनं निघत नव्हतं.

कंपाउंड कोनी बघितली नसंल तर सांगते. धातूची कमान, दोन टोकांना दोन चाकं, त्या चाकांवरनं दोऱ्या उलट्यासुलट्या गेलेल्या. दोरी बोटानं धरायची नाय. मनगटाला पट्टा बांधतात, पट्ट्याला खटका असतो, खटका दाबला की बान गेला. बंदुकीवानी. तो खटका बघूनच माझं काळीज हाललं. आन मग सरांनी मोठ्या पोरांना पयला नियम सांगितला तो मी लांबनं ऐकला. कंपाउंडची दोरी बाण लावल्याशिवाय कधी म्हणजे कधीच सोडायची नाही. रिकामी सोडली तर बानाचा सगळा जोर कमानीतच घुसतो, पाती फुटतात, तुकडे तोंडावर येतात.

आन आमच्यात रिकामी दोरी सोडल्याबिगर बान लावतच नाय.

आमची वाडी कर्नाळ्याच्या अंगठ्याखाली, त्या सुळक्याच्या पायथ्याला. आमची जुनी मानसं रानात जायची तवाची ही रीत. झुडपाकडं बान मारायचा असंल तर आधी रिकामी दोरी वढायची आन सोडायची. टण्ण. लांबपरयंत जातो आवाज. आत कोनी लाकडं गोळा करनारी बाई असंल, कोनाचं पोर असंल, तर त्यानं वरडायचं, हाय रं हाय! कोन बोललं नाय तरच बान लावायचा. सरांना मी हे सांगितलं तवा सर हसले. म्हनाले, अहो ताई, मग ससा पळून जाणार ना? पळू दे की. पळाला तर पळाला.

माझा धाकटा भाऊ त्यातच गेला.

बा रानात गेलेला. भाऊ त्याच्या मागनं कधी गेला कोनाला कळलं नाय. मी आन आय वढ्यावर कपडे धुवत व्हतो. करवंदीच्या जाळीत भाऊ बसलेला, पिकलेली करवंदं खात असंल, आन बाचा बान त्याला लागला. बानं त्याला उचलून आनला तवा त्याचं तोंड जांभळं व्हतं, करवंदानं. रगताचं मला आठवत नाय, ते जांभळं तोंड आठवतं.

बा म्हनायचा, मी दोरी वाजवली व्हती. आय म्हनायची, नाय वाजवली, वाजवली असती तर पोरगं बोललं असतं, त्याला रीत ठाव व्हती. भांडन असं नाय व्हायचं, नुसतं एवढंच. जेवताना, झोपताना, कधीपन आय मधीच म्हनायची, नाय वाजवली. बा ताटावरनं उठायचा. आय मरेपरयंत हेच चाललं. आन मी दोघांच्या मधी. मी वढ्यावर व्हते ना, मला ऐकू आली का दोरी? कधी वाटतं आली. कधी वाटतं ते पानी व्हतं, आय धुनं आपटत व्हती ते व्हतं. आता तर मला ती कुठंपन ऐकू येते. टॉवरात बाईच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायची तार हाय, चादर वढताना ती सुटली की टण्ण वाजते, आन मी तिथंच चिमटे हातात धरून वळते आन तोंडातल्या तोंडात म्हनते, हाय रं हाय. त्याच्या वतीनं. बाई एकदा म्हनाली, काय गं पुटपुटतेस? मी म्हनलं, काय नाय, देवाचं.

कामठा आयनं टाकू दिला नाय. भिंतीला टांगून ठेवला. म्हनली, दिसू दे त्याला. आय गेली, कामठा तिथंच राहिला. माझा नवरा डंपरवर असतो उरनच्या बाजूला, कधी येतो कधी नाय, म्हनून मी पोरीला घेऊन बाच्या घरीच राहाते. पोर लहान व्हती तवा एकदा डब्यावर चढली, कामठा काढला आन रिकामीच दोरी वढून सोडली. टण्ण. माझ्या हातातनं हंडा पडला. मी धावले, कामठा हिसकून घेतला, चुलीत घालायला निघाले. बा ओट्यावर बसलेला, हालला नाय. पोर रडून रडून झोपली. मी पन कामठा चुलीत घातला नाय, का नाय घातला ते मला सांगता येत नाय. सकाळी बघते तर त्याला नवीन दोरी बांधलेली.

मग मी पोरीला एकच गोष्ट शिकवली. आधी रिकामी. कुठंपन असो, घरी असो, मैदानावर असो, पयला बान लावायच्या आधी रिकामी वाजवायची आन ऐकायचं. मैदानावर पोरं चिडवायची तिला. "घंटा झाली रे, सुट्टी!" ती चिडायची नाय. वाजवायची, मान कलती करून ऐकायची, मगच बान लावायची. सर म्हनायचे, राहू दे, बांबू आहे, चालतं.

तर आमी दुकानात गेलो. सर, मी आन पोर. खारघरलाच, वरच्या मजल्यावर, काचेचं दार, आत भिंतीभर कमानी टांगलेल्या, रंगीबेरंगी, माझं पाऊलच आत पडंना. दुकानवाला जाडा, बडबड्या, अर्धं हिंदी बोलनारा.

"आओ बेटा. हाथ फैलाओ, विमान!" पोरीनं दोन्ही हात पसरले. त्यानं फितीनं माप घेतलं, कमान किती वढायची ते त्यावरनं ठरतं म्हनला. मग तिला दोन्ही पंज्यांची छोटी खिडकी करायला लावली आन त्यातनं दिव्याकडं बघायला सांगितलं. कुठला डोळा जोरकस हाय ते असं कळतं म्हने. "उजवा डोळा, उजवा हात. एकदम फिट. नाहीतर लेफ्ट वाली मागवायला लागते." मग माझ्याकडं बघून सरांना म्हनला, "मम्मी का चेहरा देखो, जैसे मी इंजेक्शन देणार आहे!"

सर हसले. पोर पन हसली. मला हसू येईना.

त्यानं एक काळी कमान काढली. सरांचे डोळे चमकले. सर म्हनाले, ही बघा ताई, ही घेतली की पुढची काही वर्षं बघायला नको. दुकानवाला म्हनला, "हिचा बाण म्हणजे काय सांगू मॅडम, सुईईई! गेलेला कळणार पण नाही."

कळनार पन नाय. मी पदर घट्ट धरला.

पोरीच्या मनगटाला पट्टा बांधला, खटका दोरीत अडकवला. ती वढायला लागली. अर्ध्यापरयंत लय जड, तिचे खांदे वर आले, जीभ बाहेर आली, आन मग एकदम तिचा चेहराच बदलला. "आये! हलकी झाली!" कंपाउंडचं तसंच असतं, पूर्न वढली की चाकं वजन घेतात, हाताला जोर राहात नाय. ती तशीच उभी राहिली, वढलेली दोरी गालाला लावून, समोरच्या भिंतीकडं बघत. मग तिनं मान कलती केली.

मला कळलं. मला कळलं ती काय करनार हाय. पयला बान लावायच्या आधी रिकामी. मी तोंड उघडलं, पन आवाज यायच्या आधीच तिचं बोट खटक्यावर गेलं.

"बोट काढ!" दुकानवाला एवढा जाडा, पन काउंटरवरनं कसा आला देवाला माहीत, त्यानं तिचा खटक्याचा हातच पकडला. "बोट काढ, बोट काढ! सोडू नको! आता परत आण, हळू, हळू, परत!" पोरीनं दोरी परत न्यायला सुरवात केली आन अर्ध्यावर आल्यावर त्या काळ्या कमानीनं तिला असा हिसका दिला की ती पुढं ओढली गेली आन काउंटरच्या काचेवर आपटली. कोपर सोलवटलं. काच नाय फुटली. कमान नाय फुटली.

दुकानवाला घामानं भिजला. "बेटा, मरवाओगी क्या? कोणी शिकवलं हे?"

पोर माझ्याकडं बघून म्हनली, "आये, तूच तर सांगतेस ना, आधी रिकामी."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तिचा हात धरला आन सरळ बाहेर. सर जिन्यात मागनं आले. "ताई, अहो ताई, थांबा तरी. असं घाबरून कसं चालेल? शिकेल ती."

"सर, बांबूच राहू द्या."

"बांबूवर पुढं काही नाही ताई. तुम्ही तिचं नुकसान करताय."

मी जिना उतरले. रिक्षात पोर माझ्याकडं पाठ करून बसली. पनवेल येईपरयंत तिनं मान वळवली नाय.

घरी आल्यावर पोर ओट्यावर जाऊन आजाजवळ बसली आन त्याला सगळं सांगून टाकलं. मी आत भाकऱ्या थापत व्हते, कान तिकडं. बा कमी बोलतो. दिवसाला चार शब्द बोलला तरी लय झाले. पन त्या दिवशी त्यानं इचारलं.

"रिकामी नाय सोडायची?"

"नाय आजा. फुटते."

"मग आत कोन हाय ते इचारायचं कसं?"

"माहीत नाय. तेच तर."

मग बा म्हनला, "वढल्यावर किती येळ धरून ठेवता येती?"

"लय येळ! हलकी होते ना. मी त्या काकांच्या मिशा मोजत बसले असते." ती खिदळली. "तुझ्या कामठ्यावानी हात नाय भरून येत."

"आन परत आनता येती?"

"येते. हिसका बसतो, पन येते."

मी दारात येऊन उभी राहिले, हाताला पीठ. बा अंगनाकडं बघत व्हता. मला बघून न बघितल्यासारखं करून म्हनला, "वाजवली व्हती मी."

मी म्हनलं, "बा, राहू दे आता."

"वाजवली व्हती. तवा तो नाय बोलला. मी बान लावला, वढला. आन मग हसला तो." बानं घसा साफ केला. "लपलेलं पोर हसतं ना, तोंडावर हात ठेवून, तसा. मी ऐकलं. पन हात भरलेला माझा. थरथर सुटलेली. परत आनायला गेलो आन तिथंच सुटली."

पोर त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला मामाचं एवढं सगळं माहीत नव्हतं.

"तू आयला का नाय सांगितलंस?" मी इचारलं. माझा आवाज मलाच वळखू येईना.

"काय सांगू तिला? हसत व्हता म्हनून?"

तो उठला आन मागच्या बाजूला गेला. बिडी घ्यायला, नायतर उगाच. मी चुलीपुढं बसले. तव्यावरची भाकरी जळून काळी झाली तरी मी उठले नाय. एवढी वर्सं आमी तिघं एकाच गोष्टीवर अडून बसलेलो, वाजवली का नाय वाजवली, आन ती गोष्टच नव्हती. वढलेली दोरी हाताला धरवली नाय, एवढंच व्हतं. त्या रात्रीपास्नं मला दोरी ऐकू येत नाय. हसू ऐकू येतं. ते जास्त वाईट हाय.

बा जेवायला बसला तवा एवढंच म्हनला, "दे तिला तसली. पन परत येनारी बघ."

मी सरांना सांगितलं, परत जाऊ. सर चकित झाले, पन आले.

दुकानवाल्यानं मला बघून हात जोडले. "आ गयी मम्मी! आज काय तोडणार?"

मी लाज सोडून बोलले, "भाऊ, मला परत चांगली येते ती कमान दाखवा. वढली आन मारायचं नाय असं ठरलं, तर पोरीला हिसका न देता खाली येईल अशी."

"परत?" त्यानं सरांकडं बघितलं. "दुनिया विचारते पुढे किती जातो, आणि ह्या विचारतात मागे कशी येते!"

पन काढल्या त्यानं. बान लावून, खटक्यावरनं बोट लांब, भिंतीला जाड टार्गेट, सगळं नीट करून पोर एकेक वढायची आन परत आनायची. काळी परत तशीच. एक लाल व्हती, ती जरा बरी, पन शेवटाला झटका द्यायचीच. मग एक निळी. दिसायला साधी, चाकं जवळजवळ गोल. पोरीनं वढली, धरली, परत आनली, आन म्हनली, "आये, ही ओढत नाय गं."

सर म्हनाले, "ताई, ही शिकणाऱ्यांची आहे. हिला स्पीड नाही. मोठ्या स्पर्धेला गेली की बदलावीच लागेल."

"बदलू की सर. तवाचं तवा."

"मग दोनदा कशाला..."

"मला वढून बघू दे."

दुकानवाल्यानं वजन कमी केलं, बान लावला, पट्टा माझ्या मनगटाला बांधला. माझ्या बांगड्या आडव्या येत व्हत्या, त्या कोपरापरयंत सारल्या. मी वढली. दात आवळले. अर्ध्यापरयंत वाटलं नाय जमत, आन मग कोनीतरी खालनं हात लावल्यावानी ती हलकी झाली. मी धरून उभी राहिले. समोर टार्गेट व्हतं, पन मला जाळी दिसत व्हती करवंदीची, काटे, पानं, आतला अंधार. मी ऐकलं. एसीचा आवाज. खाली रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न. माझाच श्वास. हात थरथरला नाय. मी अजून ऐकलं. कोनीपन हसलं असतं तर मला थांबता आलं असतं. मग मी दोरी परत आनली, आन डोक्यावरचा भरलेला हंडा खाली उतरवून ठेवावा तशी ती आली, पानी न सांडता.

"हीच," मी म्हनलं.

माझ्या डोळ्यातनं पानी यायला लागलं तवा दुकानवाला गडबडला. "मम्मी को भी एक पॅक करू क्या?" पन त्यानं आवाज हळू केला व्हता. पोरीनं माझा हात धरला. सर पट्टा सोडवत राहिले, बराच येळ, गाठ नसताना.

आता निळी कमान घरी हाय. पिशवीत ठेवतो, भिंतीला टांगत नाय. बानं एकदा हातात घेऊन बघितली, चाकं फिरवून बघितली, आन परत ठेवली.

मैदानावरच्या पयल्या दिवशी मी कामाला गेलेच नाय. बाईला फोन केला, ताप हाय. पोर रेषेवर उभी राहिली. बान लावला, वढली. समोर गवताचं जाड टार्गेट, त्याच्या मागं बान अडवायची जाळी, मागं डोंगराचं गवत. सरांनी शिट्टी मारलेली. आन मी वरडले, थांब!

तिनं परत आनली, नीट, हळू. सगळी पोरं वळून बघायला लागली. सर म्हनाले, "आता काय झालं?" मी चालायला लागले. सगळं मैदान वलांडून टार्गेटच्या मागं गेले, जाळी उचलली, गवतात बघितलं, पार डोंगराच्या पायथ्यापरयंत. कोनी नव्हतं. एक चप्पल पडलेली कोनाचीतरी, जुनी. मी परत आले.

सर चिडलेले. "ताई, मी बघितलंय. मी रोज बघतो. मागं कोणी नसतं."

"व्हय सर."

"मग?"

पोर मधीच म्हनली, "सर, बघू दे ना तिला. मी धरून ठेवते, मला काय व्हतंय?"

सरांनी कपाळाला हात लावला. मग म्हनाले, "ठीक आहे. मग दर वेळी तुम्हीच बघायचं. तुम्ही हात वर केला की मी शिट्टी मारणार. त्याच्याआधी नाही. पण मग दांडी मारायची नाही, सगळी पोरं थांबतील तुमच्यासाठी."

तवापास्नं ते माझं काम. टॉवरातल्या एका घरचं काम मी सोडलं, येळ जमावा म्हनून. प्रत्येक फेरीच्या आधी मी मागं जाते. पोरं म्हनतात, काकू गेल्या भूत बघायला. म्हनू दे. पोरीला आधी लाज वाटायची, आता ती त्यांना म्हनते, तुझी आय येती का उन्हात?

भीती गेली नाय माझी. ती कमान वढलेली बघितली की अजून मी पदर घट्ट धरते. तिचा बान खरंच दिसत नाय जाताना.

परवा मी मागं जरा जास्तच थांबले. गवत हालत व्हतं, वारा व्हता. मी एक बाजू बघितली, दुसरी बघितली, मग उगाच परत पयली बघितली. रेषेवरनं पोर वरडली, "आये! झालं का? ऊन लागतंय सगळ्यांना!"

मी खाली वाकले, गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं, नीट आतपरयंत बघितलं. मग बाजूला होऊन हात वर केला.